गप्प पंप

"खोल," धाकटा म्हणाला. "सगळ्यांसमोर खोल, दादा."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला त्याने शेजारी बसून गाडी शिकवली, तोच भाऊ आज डेपोच्या साहेबांसमोर त्याचा पाणउतारा करत होता. त्याने बसच्या स्टिअरिंगचा पंप शिकंज्यात धरला आणि पाना असा काही फिरवला, की जणू तो बोल्ट धाकट्याच्या मानगुटीवरच होता.

साहेब चौकशीचा कागद घेऊन उभे होते. चार दिवसांपूर्वी धाकट्याची शाळेची बस वळणावर वळलीच नाही, सरळ भिंतीत घुसली. मुलं उतरून गेली होती म्हणून बरं. पण मुलांना सांभाळणाऱ्या मावशींचा खांदा मोडला. स्टिअरिंग ऐन वळणावर दगडासारखं जड झालं, पंपाने दगा दिला, असं धाकट्याचं म्हणणं. आणि पंप ठीक असल्याच्या कागदावर मिस्त्रीची सही, तीही एका महिन्यात तीनदा. आज पंप चांगला निघाला तर धाकट्याची नोकरी जाणार होती, लायसन्सही.

मिस्त्रीला वर्कशॉपात सगळे कानसेन म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, झालं निदान. बाकीचे तेलाचा रंग बघत, दाब मोजत. त्यांना तो हसायचा. चोवीस वर्षं त्याने आपल्या कानांखेरीज कशावर विश्वास ठेवला नव्हता, माणसांवर तर नाहीच. हल्ली जो तो तोंडातल्या तोंडात बोलतो, यावरून तो रोज कुणाला तरी फैलावर घेई. घरी बायको उगाच ओरडून बोलते, म्हणून तिच्याशीही वाजायचं.

धाकट्याने तीनदा बस आणली होती. तिन्ही वेळा मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर लावून "गप्प आहे" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा धाकटा हट्टालाच पेटला, तेव्हा मिस्त्रीने त्याची यथेच्छ खिल्ली उडवली, की आवाज पंपात नाही, तुझ्या डोक्यात आहे. फिटर हसले होते. न हसून करतात काय?

मागचं झाकण निघालं. आतून तेल ओघळलं ते काळं, आणि त्यात चंदेरी कीस चमकत होता. मिस्त्रीचा हात थबकला. त्याने पाती जिच्यात फिरतात ती रिंग बाहेर काढून पुसली, आतून नख फिरवलं. गुळगुळीत असायला हवी तिथे नख अडकलं. एकदा नाही, प्रत्येक फेरीत. पाती झिजून गोल झाली होती, दोन तर खाचेतच अडकून बसली होती.

साहेबांनी वाकून बघितलं. धाकटा जिंकल्यासारखा दिसला नाही.

मिस्त्रीच्या रागाने मात्र लगेच दुसरी वाट शोधली. असा पंप एका दिवसात जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? स्टिअरिंग पुरतं वळवलं की तो किंचाळतो, महिनाभर किंचाळतो.

"रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू जातो असा पंप," तो धाकट्यावर खेकसला. "आणि तू त्यात मुलं भरून हिंडत होतास? तुला ऐकू नाही आलं?"

"मला आलं, दादा," धाकटा म्हणाला. "म्हणून तर तीनदा आणली."

मिस्त्री गर्रकन फिटरांकडे वळला. सगळ्यात म्हातारा फिटर वीस वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावर काम करत होता. तुला ऐकू आलं होतं का, असं मिस्त्रीने त्याला विचारलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याचे ओठ हलले.

"काय?"

ओठ पुन्हा हलले. साहेबांनी दचकून म्हाताऱ्याकडे पाहिलं. धाकट्याने तोंड फिरवलं. म्हणजे तो बोलला होता, आणि त्या दोघांना ते कळलं होतं. तोंडातल्या तोंडात काय बोलतोस, हे शब्द मिस्त्रीच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. राग अजून होताच. तो आता कुणावर काढायचा, एवढंच कळत नव्हतं.

साहेबांनी कागद पुढे केला. खाली छापलं होतं: चालकाची चूक. यंत्राचा बिघाड. नको ते खोडा.

मिस्त्रीने हात पुसले. पहिली ओळ खोडली. जरा थांबून दुसरीही खोडली. साहेब काहीतरी म्हणाले, बहुधा असं चालत नाही, असं. त्याने वर पाहिलंच नाही. उरलेल्या जागेत त्याने तेलकट बोटांनी ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली चौथी सही केली.

"मला ऐकू येत नाही."