चव्वेचाळीस की साठ

"बस झालं तुझं चव्वेचाळीसचे लाड करणं," गॅरेजवाल्या हायरमने तुटलेला शाफ्ट टेबलावर आपटला. "या वर्षातला हा तिसरा. एल्डन, गुमान साठ बसवून घे."

चव्वेचाळीस आणि साठ ही पुढच्या अ‍ॅक्सलची नावं. अमेरिकेतल्या मोआबच्या लाल खडकांवर जीप चढवणाऱ्या माणसांत दुसरा विषयच नसतो. चव्वेचाळीस हलका, पण चाक कपारीत अडकलं आणि जोर दिला की त्याचा चाक फिरवणारा शाफ्ट मोडतो. साठ जाडजूड. तो मोडायचं नाव घेत नाही.

"साठ जड पडतो," एल्डन म्हणाला. "खाली लोंबतो, दगडाला घासतो."

"आणि हा मोडतो! तिन्ही वेळा गुरुवारी, तिन्ही वेळा त्याच कड्याखाली. अरे, त्या खडकाचं आणि तुझं काय वाकडं आहे?" हायरमने शाफ्ट उजेडात फिरवला. "हे मोडलेलं तोंड बघ, अर्ध्यापर्यंत चकाकतंय. असं कसं मोडतं?"

"जुनं लोखंड."

एल्डनने अडुसष्टी गाठली होती. गाडीकडे बघण्यात त्याची कसूर नव्हती. कड्याकडे निघायच्या आदल्या दिवशी दुपारभर तो शेडमध्ये पुढच्या चाकाशी बसलेला असे. तरी मोडायचं ते मोडायचंच. मग फोन करायचा आणि गाडी ओढून न्यायला शार्लीनची वाट बघायची. गुरुवारी टोइंगच्या ट्रकवर पाळी तिची असे.

शार्लीन त्याची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिची आई हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती आणि एल्डन खडकांवर होता. दिवसभर त्याचा फोन लागला नाही. त्या दिवसापासून शार्लीनने बापाशी बोलणं टाकलं. कड्याखाली आली की फक्त विचारायची, "तुम्हाला कुठं लागलंय का?" ते सगळ्याच गिऱ्हाइकांना विचारावं लागतं. लहानपणापासूनचं "अरे बाबा" गेलं, आणि त्या जागी हे "तुम्हाला" आलं. मग गावापर्यंत दीड तास तिच्या शेजारी बसायचं. स्टिअरिंगवरची तिची बोटं थेट आईसारखी. गावात उतरताना एल्डनला जगणं नकोसं व्हायचं.

हायरमने जीप वर उचलण्याआधी आतलं सामान बाहेर काढलं. दोर, फावडं, कानस, बर्फाच्या पेटीत रूट बिअर या गोड सोड्याच्या दोन बाटल्या.

"एकटाच जातोस ना? मग दुसरी कुणाला, खडकाला पाजतोस?"

"तहान लागते."

दोन्ही बाटल्यांची बुचं जशीच्या तशी होती.

"बरं, ते राहू दे," हायरम म्हणाला. "आपला वाद संपला. साठ मागे येऊन पडलाय. पैसेही भरून झालेत."

"कुणी भरले?"

"शार्लीनने. काल आली होती. हा मोडका शाफ्ट हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, तुझ्याकडे सगळ्यात दणकट असेल तो बसव."

सहा वर्षांत पोरीने पहिल्यांदा एल्डनसाठी काही केलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवावेत असंही त्याला वाटलं नाही. म्हणजे अजून काळजी आहे तिला. अजून काहीतरी शिल्लक आहे.

"माझ्याबद्दल बोलली?"

"बोलली."

"काय म्हणाली मला? बाबा म्हणाली?"

हायरम फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"सांग ना रे."

"बाबा नाही म्हणाली." हायरमने मान खाली घातली. "निरोप ठेवलाय. म्हणाली, त्यांना सांग, ह्याच्यावर कानस चालायची नाही."