वाकड्या मानेचा कावळा

ही २०४६ सालची, इचलकरंजीतली गोष्ट. सुलभा मगदूम यांनी थोरल्या बहिणीच्या पंचाहत्तरीला टी-शर्टवर छापण्यासाठी कावळा काढला. लहानपणी दोघी बहिणी परसातल्या भिंतीवर कोळशाने काढायच्या तोच, मान वाकडी करून बघणारा. तीस वर्षं एका कपड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर टी-शर्टांची चित्रं काढलेली असल्याने बिंदू ओढून रेषा वळवायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

छपाईच्या यंत्राने मात्र चित्र परत केलं.

दुकानदार रफीकने पडद्यावरचं वाचलं. "मावशी, रेषेचं हे वळण कंपनीच्या नावावर आहे. उचललेलं चित्र छापता येत नाही म्हणतंय."

"माझंच वळण आहे ते, रफीक."

"होतं. निवृत्त होताना सही करून दिलंत ना?"

दिलं होतं खरं. जुनी चित्रं मागताहेत, एवढंच त्यांना तेव्हा वाटलं होतं. तेव्हापासून कंपनीचं यंत्र त्यांच्या वळणाने रोज हजार नवी चित्रं काढत होतं.

सुलभाताईंनी माउस डाव्या हातात घेतला. चोच थरथरली, मान नको तिथे मोडली. यंत्राने चित्र लगेच छापलं.

अक्कांनी टी-शर्ट उलगडून पाहिला. "कुणाकडून काढून घेतलास गं? तुला वेळ नव्हता होय?"

"नव्हता, अक्का."

अक्का त्याच वर्षी दिवाळीआधी गेल्या. रफीकचं दुकान कंपनीने घेतलं, आता तो तिथेच नोकरी करतो. सुलभाताईंनी पुन्हा काही काढलं नाही. त्यांचा उजवा हात मात्र अजून रोज हजार चित्रं काढतो.