खंडोबाचा रविवार

साबुदाण्याची खिचडी पुढ्यात आली आणि ज्ञानेश आपणच मांडलेल्या देव्हाऱ्यात पुरता अडकला.

खिचडीत बटाट्याच्या फोडी आणि भरपूर कूट. शेजारी दोन केळी, वाटीभर खजूर, शिवाय शहाळं. बाकी सगळ्यांपुढं मिसळ. "तुमची खास सोय केलीये, महाराज," धनराज म्हणाला. "माझ्या वाढदिवसाला रिकाम्या तोंडानं उठायचं नाही."

सातपूरच्या एका कारखान्यात एकाच विभागात काम करणारी ही सहा पोरंपोरी. मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागेतल्या मिसळीवर आली होती.

ज्ञानेश सव्वीस वर्षांचा. दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे चार तास डायलिसिस, मग दुपारची पाळी. नोकरीला लागला त्याच आठवड्यात कुणीतरी वडा पुढं केला आणि तो बोलून गेला, आज उपास आहे. कोण गुण आला त्या शब्दाला! पथ्य म्हटलं की लोक म्हणतात, एकदा खाल्ल्यानं काय होतं. उपास म्हटलं की हात जोडतात. मग ज्ञानेशनं वार वाटूनच टाकले. सोमवार महादेवाला, मंगळवार गणपतीला, बुधवार-शुक्रवार कुठल्याशा देवीला, गुरुवार दत्ताला, शनिवार मारुतीला, तोही अळणी. पाणी मोजून पितो, ते व्रतात बसवलं. पहाटेचं दवाखान्यात जाणं देवदर्शनात खपवलं. रविवार तेवढा मोकळा होता. तो मिसळीच्या भीतीनं खंडोबाला गेला.

एवढा हुशार गडी, पण उपासाच्या ताटात काय काय येतं, ते विसरला. बटाटा, केळं, खजूर, शहाळं. डॉक्टरांनी लाल शाईनं खोडलेलं सगळं नेमकं तेच, पोटॅशियमनं ठासून भरलेलं. आजवर 'नुसतं पाणीसुद्धा चालत नाही' म्हणून निभावलं होतं. आज धनराज ऐकेना. त्यात शुक्रवारनंतर रक्त धुतलेलं नाही, सोमवारची पहाट अजून लांब. हे ताट संपवलं तर काळीज मध्येच थांबायचं.

आणि खरं सांगावं, तर समोर सरिता. तीही खिचडीच खात होती. चार महिन्यांपूर्वी ती या विभागात आली आणि ज्ञानेशच्या तोडीस तोड वार पाळणारी निघाली. एकही चुकवायची नाही. तिच्याशी बोलताना त्याची जीभ अडखळायची. अशी भाविक मुलगी आजार एकवेळ पोटात घालील, पण देवाच्या नावावर मारलेल्या थापा?

धनराजनं खजूर थेट त्याच्या तोंडाशी नेला. ज्ञानेशनं खजुराकडं पाहिलं, सरिताकडं पाहिलं आणि डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"उपास नाही रे," तो म्हणाला. "किडन्या गेल्यात माझ्या. डायलिसिसवर आहे. यातलं खाल्लं तर उद्या तुम्हालाच खांदा द्यावा लागेल."

डायलिसिसच्या सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली ती शीर सगळ्यांनी पाहिली. धनराजनं हातातला खजूर खिशात टाकला. का, ते त्यालाच ठाऊक.

सरिता मात्र शिरेकडं बघतच नव्हती. तिनं चमचा खाली ठेवला.

"आणि खंडोबा?"

"थाप."

"मारुती?"

"तोही."

"गुरुवार तरी?"

ज्ञानेशनं मान खाली घातली.

सरितानं खिचडी दूर लोटली. धनराजची मिसळ आपल्यापुढं ओढली, तर्रीची अख्खी वाटी तिच्यात ओतली आणि पावाचा असा घास भरला की धनराजनं न मागता पाण्याचा पेला पुढं केला.

"चार महिने," घास कसाबसा उतरल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चार महिने या माणसाला आवडावं म्हणून मी वरीचे तांदूळ गिळतेय."