वाकसाचा दांडा

"हे काय आहे, सांग," काका म्हणाला आणि गंजलेलं लोखंड त्यानं टेबलावर आदळलं.

समोरच्या माणसानं लगेच हात लावला नाही. पस्तिशीचा गडी, दाढी वाढलेली. सकाळी कारखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला होता, मी या घरचा मुलगा. तेरा वर्षांचा असताना पळून गेलो, तो मीच.

सुतारांनी हातातली कामं टाकली होती. दाराशी खुर्चीत आई बसली होती. डोळे गेलेले, छातीचा भाता झालेला. जेमतेम महिना काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कारखाना तिच्या नावावर. नवरा गेल्यापासून चालवत होता तिचा दीर, म्हणजे हा काका. पण सहीचा विषय निघाला की तिचं एकच, मुलगा आला की त्याच्या नावावर करीन. बावीस वर्षं हेच पालुपद.

म्हणजे हा गडी खरा निघाला, तर काका उघड्यावर. तो कसून तपासणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"ओळख की," काका गुरगुरला. "तुझ्या बापाच्या हातचं आहे."

"कुदळीचं पिल्लू दिसतंय," मुका म्हणाला. त्याचं तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून सगळे त्याला मुका म्हणायचे.

माणसानं लोखंड उचललं. पात्यावरून अंगठा फिरवला. "वाकस आहे. पण सपाट तासायचा नाही. पातं आत वळलंय बघा. लाकडाच्या पराती कोरायला बाबा हाच घ्यायचे."

आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नाव काय, कुणीही सांगेल," काका म्हणाला. "दांडा बसवून दाखव."

जुन्या दांड्याचा तुकडा भोकात अडकून बसला होता.

"विस्तवात टाक. जळून मोकळा होईल," मुका म्हणाला.

"आणि पात्याचं पाणी उतरलं म्हणजे? तुम्ही देणार परत?"

सुतार हसले. माणसानं गिरमिटानं तुकडा पोखरून काढला. मग दांड्यांच्या ढिगापाशी बसला. एक उचलला, त्यात गाठ होती, टाकला. दुसऱ्याच्या रेषा आडव्या गेलेल्या, तोही टाकला. तिसरा फरशीवर आपटून आवाज ऐकला. "हा चालेल."

दांडा तासून भोकात ठोकला. टोकाला चीर देऊन पाचर मारली. तिच्या अंगावर दुसरी, बारीक, तिरकी. उरलेलं करवतीनं उडवलं आणि वाकस उलटा धरून जोरात झटकला. लोखंड जागचं हललं नाही.

मुक्यानं स्वतः झटकून बघितला, तरी नाही. काकानं वाकस हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग त्यानं माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज फाटला होता.

"वहिनी, आपलाच आहे हो. आपलंच रक्त."

माणूस आईच्या पायाशी बसला. तिनं त्याचं कपाळ, कान, हनुवटी चाचपली. सुतार डोळे पुसत होते.

"दमला असशील रे," ती म्हणाली. "जा, आत जाऊन दोन घास खा. या सगळ्यांनाही घेऊन जा. भावोजी, तुम्ही थांबा. तो वाकस द्या इकडे."

सगळे गेले. काकानं वाकस तिच्या मांडीवर ठेवला.

"वकिलाला संध्याकाळीच बोलावू ना, वहिनी?"

तिचा अंगठा दांड्याच्या टोकावर फिरत होता. "चांगला शिकवलात."

"काय?"

"ही तिरकी पाचर. मुलगा गेल्याच्या पुढच्या वर्षी दांड्यातून कुऱ्हाड निसटली, माणूस जायबंदी झाला. तेव्हा तुम्ही ही काढलीत, या कारखान्याबाहेर कुणी मारत नाही. त्याच्या बापानं जन्मभर एकच मारली, सरळ. पोराला तेवढीच ठाऊक."

काका हसायला गेला. जमलं नाही.

"माझी सही मिळावी म्हणून तोतया आणलात, तेही कळलं. पण उद्या खरा दारात येऊन उभा राहिला तर, ही धास्ती तुम्हाला वाटली नाही." तिनं धाप आवरली. "भावोजी, माझा मुलगा परत यायचा नाही, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"