अकराव्या भागातला चौथा

"शेवटचा प्रश्न," प्रश्नमंजुषा घेणारी उत्तरा म्हणाली आणि तिने चिठ्ठी उघडली. "अकरावा भाग. यानातून चौघं जण ग्रहावर उतरतात. परत तिघंच येतात. जो राहिला, त्याचं नाव काय?"

चाळीच्या पूजेच्या मंडपात बसलेल्या सगळ्यांनी दत्ताराम सावंतकडे पाहिलं. एवढं बरोबर आलं की बक्षिसाचं भिंतीवरचं घड्याळ त्याचं, आणि ते येणार याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ती अंतराळयानाची इंग्रजी मालिका त्याने कोळून प्यायली होती. संपात गिरणी गेली तेव्हा कुणी दारूच्या नादी लागलं, हा यानाच्या, असं घाटकोपरच्या त्या टेकडीवर सगळे म्हणत. संवाद त्याला निम्मेच कळायचे. पण शेवटी सरसर वर जाणारी नावं तो वहीत टिपून घ्यायचा. कुठल्या भागात डॉक्टर शिंकतो, कुठल्या ग्रहावर कप्तानाची बाही फाटते आणि पुढच्याच क्षणी शाबूत दिसते, सगळं तोंडपाठ.

याचंही उत्तर त्याला माहीत होतं. चौथ्याला नावच नव्हतं. धुराने भरलेल्या गुहेत कप्तान आधी त्यालाच पाठवतो. नावाने हाकही मारत नाही, नुसतं बोट दाखवतो. तो बाहेर येत नाही. यान निघून जातं, डॉक्टर काहीतरी विनोद करतो आणि सगळे हसतात. नामावलीत त्याच्या जागी 'पहारेकरी' एवढंच लिहिलेलं. "नाव सांगितलेलं नाही" असं म्हटलं की घड्याळ घरी.

दत्तारामने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

हा भाग त्याने कसा पाहिला, ते मंडपात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस पहिल्या रांगेत बसला होता. घड्याळ त्यानेच बक्षिसासाठी दिलं होतं. कारखान्यातला त्याचा मुकादम, बळवंत.

त्या रविवारी माहुलच्या कारखान्यात रोजंदारीवरच्या दत्तारामची पाळी होती. टाकी साफ करायची होती. पण हुकलेला भाग काही पुन्हा दिसत नाही. मग गिरणीत अडीनडीला सगळेच जे करायचे, तेच त्याने केलं. आपल्या जागी बदली माणूस धाडला. डेपोजवळच्या नाक्यावर कामासाठी एक जण उभा होता, गावाहून नुकताच आलेला. दत्तारामने आपला गेटपास त्याच्या हातात ठेवला. पासावर फोटो नसायचा. गेटवर कागद बघत, तोंड कुणी बघत नसे.

"कोण म्हणून विचारलं तर दत्ताराम सावंत सांग," त्याने बजावलं.

त्या माणसाने पास कपाळाला लावला. "संध्याकाळी कुठं आणून देऊ?"

"तीन नंबरची चाळ, खोली सात." आणि दत्ताराम घराकडे पळाला. मालिका सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्या माणसाचं स्वतःचं नाव विचारायला त्याला फुरसत नव्हती.

संध्याकाळी पास आला, पण तो बळवंतने आणला.

"टाकीत गॅस होता," बळवंत दारातच म्हणाला. "कोण होता रे तो?"

"माहीत नाय."

बळवंतने सुस्कारा सोडला. "बरं झालं. मस्टरवर तू हजर आहेस, आणि तू जिता आहेस. मग मेलं कोण? कोण नाय. बाकीचं मी निस्तरलंय. तू फक्त तोंड उघडू नको. दिवाळीपर्यंत तुला पर्मनंट करतो."

शब्दाला तो जागला. गेल्या महिन्यात पत्र आलं. दत्तारामच्या बायकोने, विमलाने, चाळभर पेढे वाटले. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा रविवारी संध्याकाळी दाराला कडी लावू देत नाही, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं. डास येतात म्हणून ती कुरकुरायची. "राहू दे, कुणीतरी यायचंय," तो म्हणायचा. दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजायची आणि सात नंबरशी थांबायची. तो उठून बघायचा. गॅलरीत कुणी नसायचं. पुढच्या रविवारी पुन्हा पावलं.

आजही रविवार होता. मघापासून जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं. हातात लहानसं काहीतरी धरलेलं. दत्तारामने तिकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची त्याला भीती वाटली.

"काका, वेळ संपत आली," उत्तरा म्हणाली.

"सांग की रे," बळवंत पुढच्या रांगेतून वळून हसला. "तुला सगळं येतं."

दत्ताराम उठून उभा राहिला. पर्मनंटचं पत्र अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. त्याने खिशावर हात ठेवला.

"दत्ताराम सावंत," तो म्हणाला.

मंडपभर हशा पिकला. विमलाही तोंडाला पदर लावून हसली. बळवंत मात्र हसता हसता थांबला.

"अहो काका, तुमचं नाही. जो परत आला नाही, त्याचं नाव विचारलंय."

"त्याचंच सांगतोय," दत्ताराम म्हणाला. "मी दिलेल्या पासावर तेच होतं."