एकही एरर नाही

"मॅडम, एकही एरर नाही!" तांबोळी या विद्यार्थिनीनं पडदा अभिमानानं शुभदा मॅडमकडे वळवला.

शुभदा मॅडमच्या लॅबमध्ये आता खरे अँटेना उरले नव्हते. कॉम्प्युटरवरच दोन रेडिओ केंद्रं एकमेकांना निरोप पाठवायची. दोन्ही एकदम बोलली की निरोप आदळून वाया जायचे, आणि ती टक्कर टाळणं हेच आजचं प्रॅक्टिकल होतं.

मॅडमनी चष्मा सारखा करून तिचा प्रोग्रॅम वाचला. "अगं, समोरचा बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं, असं तू दोन्हीकडे लिहिलंयस. चूक होणार कशी? एकही निरोप गेलेलाच नाही."

मुलं खो-खो हसली. मॅडमना हसू आलं नाही. तासाआधीच त्यांनी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली होती, की आई गेल्यापासून चार वर्षांत धाकट्या भावाशी एका शब्दानं वाद नाही. या चार वर्षांत दोघांनी एकमेकांना फोनही केला नव्हता, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत रिकाम्या लॅबमध्ये, डबा न उघडताच, त्यांनी उदयचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्यानं फोन उचलला. दोघं एकदम बोलायला लागले आणि एकदमच थांबले.

"बोल ना, ताई."

"नाही, आधी तू."

मग कुणीच बोललं नाही. समोरच्या पडद्यावर तांबोळीची दोन केंद्रं अजून एकमेकांची वाट बघत होती. मॅडमनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"येतोय रे, तुझा आवाज येतोय," त्या म्हणाल्या.

उदय अजून काहीच बोलला नव्हता.