छतावरचं तळं

चूक सापडली आणि गौरीला हसूच आलं.

कंपनीच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण, पान दोनशे अकरा. टिलबरी म्यूच्युअल ही अमेरिकन विमा कंपनी नवं मुख्यालय बांधणार, नऊ मजल्यांचं, आणि त्याच्या छतावर एक तळं असणार, असं तिथे लिहिलं होतं. छतावर तळं! या इमारतीबद्दल केंद्रात आजवर कुणी चकार शब्द ऐकला नव्हता. भोपाळच्या माणसाला तळ्याचं कौतुक सांगतायत. पण चूक पुढच्या वाक्यात होती. ‘मार्च २०२६ मध्ये भोपाळचे केंद्र बंद करण्यात आले व तेथील काम संगणकाकडे सोपवण्यात आले.’

भिंतीवरच्या कॅलेंडरात २०२६चा जानेवारी होता. आजूबाजूला एकशे चाळीस माणसं माना खाली घालून अमेरिकेतल्या लोकांचे विम्याचे अर्ज तपासत होती. बरं चाललेलं केंद्र गोऱ्यांनी लिहिता लिहिता बंद करून टाकलं होतं.

इंग्रजी बरं म्हणून पाच जणांना अर्जांवरून उठवून या पुस्तकाचं मुद्रितशोधन दिलं होतं. प्रत्येक पान दोघांनी वाचायचं. आधी कुणी वाचलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे भीडभाड राहत नाही. पहिल्या वाचकाने या पानावर एकही खूण केली नव्हती. डुलकी लागली असेल बिचाऱ्याला, असं म्हणत गौरी पान घेऊन बोकीलसरांच्या केबिनमध्ये गेली.

मनोहर बोकील केंद्राचे प्रमुख. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी संस्थापकाची गोष्ट सांगत. गावाला आग लागली तेव्हा त्याने स्वतःची घोडागाडी विकली आणि एका विधवेला विम्याचे पैसे दिले. गोष्ट सांगताना दरवेळी त्यांचे डोळे भरून येत.

आज भरले नाहीत. त्यांनी पान वाचलं आणि दार लोटून घेतलं.

“चूक नाही ती,” ते म्हणाले. “पुस्तक एप्रिलमध्ये निघणार आहे.”

गौरी खुर्चीत बसली.

“सोमवारी सगळ्यांना सांगणार आहोत. तोवर नवऱ्यालासुद्धा नाही. एकाला कळलं की संध्याकाळी तुमच्या सगळ्या पिपलानी कॉलनीला कळतं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “जुन्या फायलींची सूची वगैरे करायला एक जण डिसेंबरपर्यंत राहील. पहिला वाचकही काल असाच आला होता. त्याला सांगितलं तेच तुला सांगतो. जो तोंड उघडेल तो गेला. दोघंही गप्प राहिलात, तर तुझं काम जास्त चोख आहे.”

साडेबारा वाजले होते. दोन वाजता गौरीचा नवरा मंडीदीपच्या कारखान्यात राजीनामा देणार होता.

पराग एकोणीस वर्षं तिथे होता. कायम नोकरी, पेन्शनचा हिशेब जमलेला. पण त्याला स्वतःचं लेथचं दुकान काढायचं होतं, आणि तीन वर्षं गौरीच त्याच्या मागे लागली होती. माझी नोकरी दीडशे वर्षांची आहे, तू मार उडी. कारखाना तर कायम माणसं कमी करायला टपूनच बसलेला. दिलेला राजीनामा तिथे कुणी परत करत नसे.

फोन पर्समध्ये होता. काढायला दोन सेकंद लागले असते. गौरीने तो काढला नाही. डिसेंबर, तिच्या मनात आलं. डिसेंबरपर्यंत लेकीची बारावी होऊन कॉलेजची पहिली फीही भरून होईल. दोनला अजून वेळ आहे.

ती डबा घेऊन सुधाशेजारी जाऊन बसली. सुधा तिची अकरा वर्षांची मैत्रीण. पिपलानीत समोरासमोर क्वार्टर, दोघी एकाच बसने येणाऱ्या. पुस्तकाच्या पाच वाचकांत तीही होती.

“काय गं, चेहरा का उतरलाय?” सुधाने विचारलं.

“काही नाही. डोकं दुखतंय.”

सुधाने आपल्या डब्यातली अर्धी पुरणपोळी तिच्या डब्यात टाकली. “खा. उपाशी राहू नकोस.”

गौरीने एक तुकडा मोडला. या बाईला मुलाचं कॉलेज आहे, सासूचं आजारपण आहे. सोमवारी हिच्या डोक्यावर आभाळ कोसळणार आणि मी हिचीच पोळी खात गप्प बसलेय. तिला स्वतःची किळस आली. सुधाला आत्ताच सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं, दोन्ही वेळा तिने पाण्याचा घोट घेतला.

सव्वा वाजता मात्र तिला राहवलं नाही. गेला डिसेंबर खड्ड्यात. ती जिन्यात गेली आणि तिने परागला फोन लावला.

“राजीनामा देऊ नकोस,” ती म्हणाली. “आज नको. कारण घरी सांगते.”

“अगं, दिला की!” पराग हसत होता. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी पेढे मागत होतं. “साहेब दोनला बाहेर जाणार होते, म्हणून आधीच बोलावलं. पंधरा मिनिटं झाली. लगेच मंजूर!”

गौरीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“खरं सांगू का,” पराग म्हणाला, “सकाळी माझी जाम टरकली होती. पार परत फिरलो होतो. पण बसस्टॉपवर तू यायच्या आधी सुधावहिनी भेटल्या. म्हणाल्या, भाऊजी, टेन्शन नका घेऊ, बिनधास्त द्या. तिची कंपनी कुठे बुडतेय? नऊ मजल्यांची बिल्डिंग बांधतायत, छतावर तळं आहे म्हणे.”